हार काढायचा राहिला होता

विभे,

तुझ्या फोटोला हार घालताना माझ्या मनात काय आलं, सांगू? मेला फोटोसुद्धा किती छान आलाय हिचा! तो माझ्याच दुकानात मोठा केला, माझ्याच हातानं फ्रेममध्ये बसवला. सुहासभाऊजींनी मोबाइलवरून पाठवला तेव्हा अंधूक होता, आणि गालावर मशीनच्या दिव्याचा हिरवा उजेड पडलेला. तुझे शेवटचे विधी, तिथं हिरवा गाल कसा चालेल, म्हणून मी तो उजेड काढून टाकला. मग बघितलं तर तू बँकेतल्या कुणा बाईसारखी दिसायला लागलीस. गुपचूप परत हिरवा केला. जाऊनसुद्धा माझं काम खोडून काढायची तुझी सवय काही गेली नाही.

तेरावं झालं, माणसं पांगली. ज्याला त्याला वाटतं मी मोकळी व्हावं. नीलाताई, रडून घ्या, म्हणतात. रडतेच आहे गं मी, येता-जाता रडते. पण रडून झाल्यावर खाली जे उरतं ना, ते दुःख नाही. तो जळफळाट आहे. गेलेल्या मैत्रिणीचा हेवा करणारी बाई म्हटल्यावर मला दारात कोण उभं करील? नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, थोडं झोप. म्हणून आता तुलाच सांगते.

दोघींनी एकत्र कमर्शियल आर्ट केलं. मग मी इंदिरानगरला फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान टाकलं आणि तू सुहासभाऊजींशी लग्न करून सातपूरच्या वर्कशॉपवाल्या घरात गेलीस. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, चला, आता हिचे हात पोळ्या लाटण्यात आणि वर्कशॉपची बिलं करण्यात जाणार. कसलं काय! वर्ष झालं नाही तोवर तू सुहासभाऊजींच्या मशीनांना नादी लावलंस. ती बिचारी लोखंड कापायला जन्माला आलेली. तू त्यांना भलतंच शिकवायला लागलीस.

माझ्या प्लॉटरलाही सोडलं नाहीस. आठवतंय? रेडियम कापायचा प्लॉटर, कॉम्प्युटरवर अक्षर काढलं की त्याचं पातं ते कापतं, आणि मग ‘आईचा आशीर्वाद’ कुणाच्या तरी रिक्षावर चिकटतो. मी जेवायला घरी गेले होते, तू दुकानात बसलीस. परत येऊन बघते तर पातं बाजूला, आणि त्याच्या जागी मेंदीचा कोन! वर रबरबँड गुंडाळून त्याला दाब दिलेला. मशीन खर्र खर्र करत कागदावर मेंदी काढत होतं आणि बाहेर नंबरप्लेटवाला गिऱ्हाईक ताटकळत उभा.

“अगं बये, हे काय केलंस?”

“बघ ना नीले, कोन रिकामा होत आला की रेघ थरथरते. म्हाताऱ्या बाईचा हात वाटतो.”

“ते रेडियम कापायचं मशीन आहे!”

“ते तुला ठाऊक आहे. त्याला कुठं ठाऊक आहे?”

त्याला कुठं ठाऊक आहे! मी दोन दिवस ते वाक्य चघळत होते. मशीन माझं, दुकान माझं, रोज आठ-दहा तास त्याच्यासमोर मी बसते, आणि ही अक्कल सुचली कुणाला? तर जेवणाच्या सुट्टीत येऊन बसलेल्या बाईला. तू घरी गेल्यावर मी शटर अर्धं ओढून पुन्हा कोन लावून पाहिला. रेघ अगदी सरळ आली, जराही थरथरली नाही. मी कोन इतका गच्च आणि नीट बांधला होता.

मग तो दवाखान्यातून भंगारात निघालेला नंबर दाखवायचा बोर्ड. लाल दांड्यांचे आकडे. तू त्यातल्या दांड्या अशा काही पेटवल्यास की आकडे दिसेनातच, नुसती माणसं चालताना दिसायला लागली, एकामागून एक, बाकावरून उठून डॉक्टरकडे निघाल्यासारखी. मी म्हटलं, बरं आहे. ‘बरं आहे’ म्हणायला मला किती कष्ट पडले हे तुला नाही कळायचं. आणि कसं केलंस ते सगळं तू नेटवर टाकून दिलंस. कुठल्या कुठल्या देशातली पोरं तुला ‘मॅम’ म्हणत प्रश्न विचारायची आणि तू उत्तरं देत बसायचीस. मला ती सगळी सवतीसारखी वाटायची. तेराव्याला त्यातलाच एक आला होता, बंगलोरचा दाढीवाला. माझ्याआधी ढसाढसा रडला. म्हटलं, तू कोण रे टिकोजीराव? तिच्या डब्यातलं लोणचं खाल्लंयस का कधी?

आता खंडेनवमीबद्दल बोलते. त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मशीनं पुसून लख्ख केलेली, हळदकुंकू लावलेलं, नारळ फुटलेला, पेढे वाटून झालेले. पवारकाका, तुमच्याकडचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, पांढरा शर्ट घालून आलेले. आणि तू कोपऱ्यातल्या जुन्या मिलिंग मशीनपाशी जाऊन उभी राहिलीस. काकांनी तुला अडवलंच.

“मॅडम, आज हात नाय लावायचा. आज त्याची सुट्टी.”

“काका, कामाला नाही लावत. टूल काढून ठेवलंय, खाली कापायला जॉब नाही. नुसतं गाणार आहे ते.”

“गाणार?”

“सुट्टीच्या दिवशी तुम्ही नाही का गात?”

काकांनी विचार केला. “गातो,” म्हणाले.

“मग त्यानं काय घोडं मारलंय?”

मोटर सावकाश फिरली की खालचा सूर, जोरात फिरली की वरचा. एवढ्या एका गोष्टीवर तू महिनाभर बसली होतीस. पेठला तुझी आई भात लावताना म्हणते ती चाल तू मोटरच्या वेगांत बसवली होतीस. बटण दाबलंस आणि ते मशीन खरंच गायला लागलं गं! टेबल इकडून तिकडं सरकतंय आणि त्यातून तुझ्या आईची चाल येतेय, जराशी घोगरी, लोखंडाच्या गळ्यातली. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला सूर वर गेला, टेबल लांब सरकलं, आणि काकांनी मशीनच्या डोक्यापासून टेबलापर्यंत बांधलेला झेंडूचा हार ताणला गेला. ताणला, ताणला आणि बरोब्बर वरच्या सुरावर तट्‌दिशी तुटला. फुलं उडाली सगळीकडं. मशीन आपलं गातंय. काकांनी नकळत हात जोडले.

मग तू माझ्याकडं वळून कुजबुजलीस, “नीले, हार काढायचा राहिला गं!”

व्हिडिओ मी काढला होता, माझ्या फोनवर, हात न हलवता. तो जगभर फिरला. कुठल्या कुठल्या प्रदर्शनांतून बोलावणी आली. भक्ती आणि यंत्र यांच्यातला ताण, असं कुणीतरी लिहिलं. ताण कसला डोंबलाचा? विसरली ती बाई! आणि तू काही लबाडी केली नाहीस. विचारेल त्याला सांगत सुटलीस, अहो, हार काढायचा राहिला. तर लोक म्हणाले, किती ही नम्रता! माझं कपाळ! व्हिडिओ कुणी काढला, हे एकानं विचारलं नाही.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडत होते. चूक ती चूक, विभा. ठरवलं नव्हतंस त्याचं श्रेय कसं घेतेस? तू म्हणायचीस, “मी कुठं घेतेय? देतायत.” दुसऱ्या वर्षी लोकांनी तोच प्रयोग मागितला तेव्हा मीच तुला म्हटलं, बांध ना हार, नेम धरून तोडू. तू म्हणालीस, तुटला तो तुटला, आता तोडला तर तमाशा. अशी तत्त्वाची गोष्ट करून तू निघून गेलीस आणि मी वेड्यासारखी झेंडूचा भाव करत उभी.

ऐक, तुला कधी सांगितलं नाही ते ऐक. मीही करून बघितलं होतं. फ्लेक्सच्या मशीनची शाई मुद्दाम अर्धवट बंद केली. म्हटलं, पट्टे पट्टे येतील, रंग फाटतील, आपलंही काहीतरी होईल. एका वाढदिवसाच्या बोर्डाची जुनी फाइल घेतली आणि छापली. भाऊंचा चेहरा मधेच निळा, मधेच गायब. मला बरं वाटलं, भिंतीला लावून ठेवला, लांबून बघत होते. तेवढ्यात शेजारचा झेरॉक्सवाला आत आला, बघितलं आणि काळजीनं म्हणाला, “ताई, हेड साफ करून घ्या.” दुपारी मी हेड साफ केलं. मला ठरवूनसुद्धा चुकता येत नाही, विभे. तुझी चूक दर्शनाला ठेवतात आणि माझं बिनचूक काम चौकात लागतं, आठ दिवसांनी फाडून कुणीतरी त्यानं गवत झाकतं.

आणि तू नुसतीच खोडकर असतीस तर मी निभावून नेलं असतं. माझे दादा दवाखान्यात होते तेव्हा तू माझं दुकान सांभाळलंस. मी धास्तावले होते, म्हटलं ही आता माझ्या मशीनांचं काय करते कोण जाणे. परत आले तर सगळी कामं वेळेवर, सगळ्या नंबरप्लेटा सरळ, कातरणाचे बोळेसुद्धा पोत्यात भरलेले. एक खोडी नाही. एक गिऱ्हाईक नाराज नाही. तेव्हा कळलं, हिला सरळ कामही येतं. तुला मिठी मारून रडले मी, तू समजलीस दादांसाठी. दादांसाठी होतंच. पण निम्मं त्यासाठी होतं की एवढी तरी जागा माझ्यासाठी सोडायला काय झालं होतं तुला!

तर आता मुद्द्याचं. तेराव्याला ज्यानं त्यानं येऊन मला हेच सांगितलं की विभा तुमचं फार कौतुक करायची. तुझी आई पेठहून आली होती, माझा हात धरून म्हणाली, “नीला, लय गुण गायची तुझे ती.” मी मान डोलावली. आत मात्र काहीतरी मोडलं. कौतुक लहान मुलाचं करतात, विभे. दुकान छान चालवते हो, अक्षर छान आहे हो, गुणाची आहे हो. बरोबरीच्या माणसाचं कुणी कौतुक करत नाही, बरोबरीच्या माणसाचा राग येतो, त्याला बघून रात्रीची झोप उडते. मी तुझ्यावर इतकी वर्षं जळले, ती काय एकटीच? मला एवढंच हवं होतं की कधीतरी, एकदा तरी, तुलाही माझ्यामुळं जळजळलं असावं.

एकदा विचारलंही होतं. गंगापूर रोडला मिसळ खात होतो, तर्रीनं दोघींची नाकं वाहत होती. मी हसत हसतच विचारलं, “काय गं, तुला कधी माझा हेवा वाटतो?” तू पाव बुडवत म्हणालीस, “वाटतो ना. तुझा नवरा भाजी निवडतो.” आणि खी खी हसलीस. मीही हसले. ती मिसळ मला अजून पचलेली नाही. तू तापाचं निमित्त होऊन अशी तडकाफडकी गेलीस आणि माझा प्रश्न तिथंच त्या टेबलावर राहिला. आता कुणाला विचारू? हे दुखणं घेऊनच मला म्हातारं व्हायचं आहे असं मी धरून चालले होते.

काल सुहासभाऊजींचा फोन आला. “नीला, तिचा कोपरा आवरायचाय. मला एकट्याला होत नाही.” गेले सातपूरला. शिफ्ट सुटत होती, गेटाशी गाड्यांची गर्दी. आत गेले तर भाऊजी स्टुलावर बसलेले, आणि पवारकाका तुझ्या कोपऱ्यात. काका मला बघून चपापले. त्यांच्या मागं ताडपत्री टाकलेलं काहीतरी होतं, चांगलं पलंगाएवढं.

“काका, हे काय आहे?”

काका भाऊजींकडं बघायला लागले. भाऊजी म्हणाले, “दाखवा आता. आता काय राहिलंय?”

“नाय, पण मॅडमनी बजावलेलं,” काका म्हणाले. “ताई, हे फक्त तुम्हाला दाखवायचं नव्हतं.”

“मला? सगळ्या दुनियेला दाखवायची ती, आणि मला नाही?”

“दुनियेचं काय नाय. तुम्हालाच. तुम्ही गेटातून येताना दिसल्या की ओरडायच्या, झाका रे झाका, नीला आली! मग आमची पळापळ. एकदा ताडपत्री सापडंना, तर मला म्हणाल्या, काका, तुम्ही उभे राहा पुढं. ताई, तुम्ही चहा पिऊन जाईपर्यंत मी हात पसरून उभा होतो.”

भाऊजींना विचारलं, पण का? ते जमिनीकडं बघत म्हणाले, “म्हणायची, नीलाच्या नजरेला पडलं तर ती चार दिवसांत करून मोकळी होईल. माझ्यापेक्षा नीट करेल. आणि ते मला बघवणार नाही.”

काकांनी ताडपत्री ओढली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, तिच्यावर इकडून तिकडं फिरणारी गाडी आणि गाडीला रांगोळीचं नरसाळं. खाली काळ्या फळीवर रांगोळीनं लिहिलेलं, तुझ्या आईच्या गाण्याची एक ओळ. आणि तिचं प्रत्येक अक्षर पोकळ! मशीन अक्षराच्या कडेकडेनं फिरलेलं, आत सगळं रिकामं. ‘भ’ म्हणजे नुसतं कुंपण. भाऊजी म्हणाले, कितीतरी महिने इथंच अडली होती, रोज लिहायची, रोज पुसायची.

मला बघताक्षणी कळलं, विभे. कॉम्प्युटरमधलं अक्षर म्हणजे नुसती त्याची कड. मला रेडियम कापायला कडच लागते. रांगोळी काढणारी बाई मात्र अक्षराच्या मधून जाते, एका रेघेत. तशी एकेरी अक्षरं तयार मिळत नाहीत, हातानं काढावी लागतात, एक एक, वळण सांभाळून. आणि ते काम सबंध नाशकात कुणाला येत असेल तर मला येतं! चहा निवायच्या आत सांगितलं असतं मी तुला. माझ्याकडं यायला तुला रिक्षानं किती वेळ लागला असता? आली नाहीस. पोकळ ‘भ’ पुसत बसलीस, पण मला विचारलं नाहीस!

मी फळीशेजारी खाली बसले आणि रडले. पवारकाका पाणी आणायला धावले. त्यांना काय माहीत, मी इतकी खूश कधीच झाले नव्हते. अगं सटवे, एवढं लपवलंस? एकदा, फक्त एकदा त्या मिसळीवर ‘हो’ म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? आपण किती भांडलो असतो, किती मजेत भांडलो असतो! आणि हे मशीन आज लिहीत असतं, आणि तू बघितलं असतंस.

मी ते पुरं करणार आहे. पेठला जाऊन तुझ्या आईकडून सगळं गाणं उतरवून आणीन, माझ्या हातानं सगळी अक्षरं एकेरी काढीन. भाऊजींना सांगून टाकलंय. आणि तुझ्यापेक्षा नीट करीन. दुखू दे तुझ्या पोटात.

काका पाणी घेऊन आले. मी तोंड पुसलं, पाणी प्यायले आणि म्हटलं, “काका, परत सांगा ना, मी आले की ती काय ओरडायची?”

“आता काय ताई,” काका म्हणाले, “आत्ताच तर सांगितलं.”

“तिच्या आवाजात सांगा.”

काकांनी भाऊजींकडं पाहिलं, घसा खाकरला आणि दोन्ही हात हवेत उडवून तुझ्या त्या चिरक्या आवाजात सबंध वर्कशॉपला ऐकू जाईल असे ओरडले, “झाका रे झाका, नीला आली!”